हिरवा फाटा

"ताई, हा हिरवा फाटा मोडून टाका. झाड बिघडायला लागलंय."

आमच्या सोसायटीच्या बागेचं काम बघणारे माळीदादा मुरबाडकडचे. खालचं काम आटोपलं की कधीमधी वर येतात, माझ्या कुंड्यांची माती खुरप्याने सैल करून देतात, चहा घेतात आणि जाता जाता एखादं वाक्य टाकून जातात. त्या दिवशी त्यांचं बोट होतं माझ्या युऑनिमसकडे. पिवळ्या-हिरव्या पानांच्या त्या गोलसर झुडपाच्या ऐन मधून एक सरळसोट फांदी वर आली होती आणि तिचं प्रत्येक पान संपूर्ण हिरवं होतं. गडद, तुकतुकीत, बाकीच्या पानांपेक्षा चांगलं मोठं. पेरंही लांब लांब. दादांनी कात्री काढलीसुद्धा. मी म्हटलं, "राहू द्या आज." ते काही बोलले नाहीत, पण कात्री खिशात ठेवताना त्यांनी त्या फांदीकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. कुठल्याही नर्सरीत हेच सांगतील: रंगीत पानाच्या झाडावर हिरवा फाटा दिसला की तो काढायचा, आणि तोही वरून शेंडा खुडून नाही, जिथून फुटला तिथून, बुडातून. तरी त्यांचं बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं. इतकी निरोगी फांदी त्या झुडपाला आजवर फुटली नव्हती.

झुडूप मी घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून आणलं होतं. रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांतली रोपं मांडून ठेवलेली असतात, ट्रकांची धूळ त्यांच्यावर बसलेली असते आणि नर्सरीवाला पाइपने पाणी मारत असतो. यातली बरीचशी रोपं इथे वाढलेली नसतातच. काही पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडून येतात, काही थेट आंध्रातल्या कडियमहून. पाण्याची धार त्या झुडपावरून गेली, धूळ उतरली आणि खालून तो पिवळा उजळून आला. तिथेच मी थांबले. घरी आणून हातात घेऊन पाहिलं तेव्हा कळलं की हे पान लांबून दिसतं त्याहून कितीतरी जास्त आहे. बोटाच्या दोन पेरांएवढं, जाड, कातड्यासारखं चिवट. वरून मेणचट चकाकी. कडेला इतके बारीक दाते की ते डोळ्यांआधी नखाला लागतात. मधोमध पिवळा, भोवती हिरवी कड. पण या दोन रंगांची सीमा सरळ नाही. मध्येच पोपटी पट्टा येतो, जिथे खालच्या थरातला एक रंग वरच्यातून झिरपलेला दिसतो. कुठल्याही दोन पानांचा नकाशा एक नाही. सकाळचं ऊन मागून आलं की पिवळा भाग पातळ होतो आणि त्यातली शीर न् शीर मोजता येते. मी कितीतरी सकाळी चहाचा कप हातात धरून नुसती ही पानं बघत उभी राहिले आहे आणि त्यातली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

मुळात हे थंड हवेचं झाड. जपान, कोरिया, चीन हा त्याचा मुलूख. तिथे आणि पुढे युरोपातही समुद्रकाठच्या घरांना त्याची कुंपणं करतात, कारण खारा वारा त्याला सहज सोसतो. ठाण्यात त्याला खाडीच्या वाऱ्याचा त्रास नाही. त्रास आहे तो एप्रिल-मेचा आणि जुलैचा. माझी गॅलरी पूर्वेची, खाडीच्या बाजूची. सकाळचं कोवळं ऊन त्याला मानवतं, पण अकरानंतरचं उन्हाळी ऊन लागलं की पानाचा फक्त पिवळा भाग करपतो. हिरवी कड शाबूत आणि मधोमध कागदासारखा बदामी डाग. त्या पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, त्यामुळे प्रखर ऊन तिथे थेट भाजतं. म्हणून मे महिन्यात मी कुंडी भिंतीच्या सावलीला सरकवते. मग पाऊस येतो. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात पाणी तुंबलेली कुंडी म्हणजे मुळं कुजणारच, त्यामुळे तळाला विटांचे तुकडे, मातीत भरपूर वाळू आणि कोकोपीट, कुंडीखाली बशी नाही. पावसाळा सरतो तसं पानांवर भुरी धरते, पांढरी पूड, बोटाने पुसली तर निघते आणि पुन्हा येते. त्यावर दाट फांद्या विरळ करून वारा खेळता ठेवणं हाच खरा उपाय; कडुलिंबाचं तेल त्यानंतरचं. खवले कीड तर या झाडाची जुनी वैरीण. पानाच्या मागे, खोडाच्या बेचक्यात, हालचाल न करता चिकटून बसते आणि पानांवर पिवळे ठिपके उमटेपर्यंत कळूही देत नाही. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन मी ती एकेक फांदी घासते. ज्यांना लावल्यावर विसरून जायचं झाड हवं असेल त्यांनी ठाण्यात याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नेटवर दिसणारी ती लालभडक पानं, गुलाबी फळांतून डोकावणाऱ्या नारिंगी बिया, ती याच्या भावंडांची. त्यांना पानं गळण्याएवढी खरी थंडी लागते. युरोपातल्या त्या भावंडाच्या टणक, बारीक पोताच्या लाकडाच्या पूर्वी सूत कातायच्या चात्या करत, आणि ते जाळून केलेला कोळसा चित्रकार अजूनही रेखाटनाला वापरतात. माझ्या कुंडीतल्या झुडपाने मला कधी फूलही दाखवलेलं नाही. पानं आहेत, तेवढ्यावर माझं भागतं.

मग तो हिरवा फाटा येतो कुठून?

फांदीच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे थर एकावर एक असतात आणि पानाचा कुठला भाग कुठल्या थरातून घडणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. अशा रंगीत झुडपात एका थराला हरितद्रव्य नीट बनवता येत नाही. म्हणजे एकाच फांदीत, एकाच सालीखाली दोन वेगळ्या कुळांच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. १९०९ साली एर्विन बाउर या जर्मन शास्त्रज्ञाने पांढऱ्या कडेच्या जिरॅनियमवर काम करून ही गोष्ट मांडली. कधीतरी हिरव्या थरातली एखादी पेशी आपली जागा सोडून शेजारच्या थरात शिरते, तिची संतती तिथे पसरते आणि तिथून फुटणारा डोळा अख्खा हिरवा निघतो. त्या फांदीचं प्रत्येक पान कडेपासून कडेपर्यंत अन्न बनवतं, म्हणून ती जोमाने वाढते, बाकीच्यांच्या वर जाते, त्यांच्यावर सावली धरते. तशीच राहू दिली तर दोन-चार वर्षांत झुडूप हिरवंच दिसू लागतं. ज्यांच्या घरी पिवळ्या कडेचं स्नेक प्लांट आहे त्यांनी हे दुसऱ्या तऱ्हेने पाहिलेलं असेल: पानाचा तुकडा मातीत खोचला की नवीन रोप येतं, पण पिवळी कड येत नाही. कड हवी असेल तर गड्डाच फोडून लावावा लागतो. कधी उलटही होतं, अख्खा पिवळा फाटा फुटतो, दिसायला अतिशय देखणा. पण तो झाडावर असेपर्यंतच जगतो. वेगळा लावला तर उपाशी मरतो.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही त्या रात्री मला आठवत राहिली ती माझी आत्या.

वडिलांची धाकटी बहीण. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती आमच्याबरोबर राहायची. तिला कोड होतं. डाव्या कोपरावर सुरू झालेला पांढरा डाग मी शाळेत जायला लागले तोवर मनगटापर्यंत उतरला होता, मग उजव्या हाताच्या बोटांवर, मग ओठाच्या कडेला. १९८० नंतरचा तो काळ. वैशाखातही ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची आणि घामाने ते पाठीला चिकटलेलं असायचं. स्थळं यायची, चहा-पोहे व्हायचे, आणि मग तिकडून काही निरोप यायचा नाही. आमच्या घरात हा विषय कुणी मोठ्याने काढत नसे. आजी जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून बावची आणायची. काळपट, चपट्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या त्या बिया आणि त्यांचा उग्र, कडवट वास. तो अजूनही कुठे आला तर मी जिथे असेन तिथे थांबते. त्याच दुकानात आजोबांच्या गुडघ्यांसाठी मालकांगोणीचं तेलही मिळायचं. मालकांगोणी ही या युऑनिमसच्याच कुळातली वेल. आपल्याकडच्या जंगलांत ती चढलेली असते आणि तिचं पिवळं बोंड तीन पाकळ्यांत उकलून आतला शेंदरी गर दाखवतं. हे नातं मला फार पुढे कळलं. तेव्हा कळायचं ते एवढंच की आजोबांची बाटली फळीवर सगळ्यांसमोर असते आणि आत्याची ट्रंकेमागे.

बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसायचं. त्या बियांत असं द्रव्य असतं की त्वचा उन्हाला हळवी होते, आणि मग तेच ऊन झोपलेल्या रंगपेशींना उठवतं. पण वेळ थोडा जरी जास्त झाला तरी भाजतं, फोड येतात. आत्या रोज गच्चीवर जायची. तिने बाह्या दुमडलेल्या मी फक्त तिथेच पाहिल्या. टाकीच्या आडोशाला पाटावर बसायची, तोंड भिंतीकडे, हात उन्हात. मी घड्याळ घेऊन शेजारी बसायचे; वेळ सांगायचं काम माझं. खालून लोकलचा आवाज यायचा, शेजारच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालायला आलं की ती पदर ओढून घ्यायची. एकदा तिने मला हात जवळ घेऊन बघायला सांगितलं. पांढऱ्या चट्ट्याच्या आत, एका केसाच्या मुळाशी, मोहरीएवढा तपकिरी ठिपका. त्याच्या बाजूला अजून एक. रंग परत येतो तो बहुधा असाच, केसांच्या मुळांशी, ठिपक्याठिपक्याने. ती एकही शब्द बोलली नाही, पण जिन्यावरून खाली जाताना ती धावली. आजीने देवापुढे साखर ठेवली. पुढचे कितीतरी दिवस घरात सकाळी पहिली गोष्ट व्हायची ती म्हणजे आत्याचा हात खिडकीपाशी नेऊन ठिपके बघणं.

काही ठिपके पसरून एकमेकांना मिळाले. बरेचसे तसेच राहिले, आणि खांद्याकडे नवीन पांढरं सुरू झालं.

त्याच गच्चीवर आत्याची झाडं होती. तुळस, सदाफुली आणि डालड्याच्या डब्यात एक क्रोटन. क्रोटनची पानं पिवळ्या, लाल, हिरव्या ठिपक्यांनी भरलेली. रविवारी ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, वरून आणि खालून, आणि एखादं पान विशेष रंगलं असेल तर मला हाक मारून दाखवायची. येणारे-जाणारेही त्या क्रोटनचं कौतुक करायचे. "काय सुंदर डाग आहेत हो," असं एक बाई म्हणाल्याचं मला स्वच्छ आठवतं. त्या वेळी आत्या डब्याला पाणी घालत होती, बाह्या मनगटापर्यंत. मी तेव्हा लहान होते, मला त्यात काही वाटलं नाही. आता ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

जंगलात वाढणारं मूळ युऑनिमस हिरवंच असतं. त्याचं शास्त्रीय वर्णन १७८० साली कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं. लिनियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा हा शिष्य १७७५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. परक्यांना त्या चिमुकल्या बेटाबाहेर मोकळं फिरायची मुभा नव्हती, तेव्हा जनावरांसाठी बाहेरून जो चारा यायचा तो उपसून तो त्यातली रोपं निवडायचा. गॅलरीपुरतं आकाश असलेल्या मला हा माणूस फार जवळचा वाटतो. जपानी बागवानांना मात्र तोवर वेगळाच नाद लागलेला होता. डोंगरात, बांधावर कुठे चट्ट्यापट्ट्यांचं पान दिसलं की ते उचलून आणायचं, जपायचं, वाढवायचं. १८२९ मध्ये तिथे फक्त अशाच पानांच्या झाडांवर चित्रांसकट ग्रंथ निघाला. अशा कुणाच्या तरी नजरेने कधीतरी एका हिरव्या झुडपावरची पिवळी फांदी टिपली, तिची कलमं केली, त्या कलमांची कलमं झाली, आणि ती रांग घोडबंदर रोडवरच्या काळ्या पिशवीपर्यंत आली. बियांमधून हा रंग येत नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हिरवा फाटा मोडला, म्हणूनच तो माझ्यापर्यंत पोचला. हे मला नाकारता येत नाही. माझ्या सकाळच्या चहाबरोबरचं ते सुख त्या सगळ्या कात्र्यांचं देणं आहे.

आणि तरी, त्वचेवर रंग परतला तर देवापुढे साखर, पानात परतला तर कात्री. दोन्हीकडे ठरवणारे आपणच. मी हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून खूप वेळ पाहिलं आहे आणि ते पूर्ण जुळत नाहीत, हेही खरं. पिवळं पान खरोखरच थोडं उपाशी असतं. आत्याच्या हातात बळाची काही कमी नव्हती. दळण डोक्यावर घेऊन ती तीन जिने चढायची. तिला जे कमी पडलं ते तिच्या कातडीला नव्हे, आम्हा बाकीच्यांना कमी पडलं. पानाला लाज वाटत नाही. कुणी त्याच्याकडे बघून निरोप पाठवायचं टाळत नाही. उलट साध्या हिरव्या झुडपाला नर्सरीत कुणी विचारत नाही म्हणून ते ठेवतच नाहीत. मी पुढे मुद्दाम चौकशी केली तर नर्सरीवाल्याने "साधं कशाला, कलरवालं घ्या" म्हणून विषय संपवला.

आत्याने बावची सोडली त्याचं कारण मी तिला एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं ती कंटाळली असेल, हरली असेल. ती म्हणाली, "अगं, माझी सगळी सकाळ भिंतीकडे तोंड करून जात होती." एवढंच. त्यानंतर तिने नोकरी धरली, सकाळची सात-चाळीसची लोकल पकडायला लागली, आणि माझ्या थोरल्या भावाच्या मुंजीत ती अर्ध्या बाह्यांचं, मोरपंखी रंगाचं पोलकं घालून आली. आजी आतल्या खोलीत जाऊन बसली. वडिलांनी आत्याला पंगतीत वाढायला बोलावलं आणि ती उघड्या हातांनी सगळ्या पंगतीला श्रीखंड वाढत गेली. काही जणांनी पान मागे ओढलं. बहुतेकांनी नाही. लग्न तिने केलं नाही. "केलं नाही" असंच ती म्हणायची, "झालं नाही" असं म्हणू द्यायची नाही.

नौपाड्यातली ती इमारत आता नाही, तिच्या जागी टॉवर आहे. आत्याही नाही. क्रोटनचं काय झालं ते घरात कुणाला आठवत नाही.

फाटा मी शेवटी काढला. जून लागताना, हवेत दमटपणा आल्यावर, दादांनी सांगितलं तसाच, बुडातून. काढला नसता तर पिवळं झुडूप त्याखाली दबून गेलं असतं, आणि ते मला नको होतं; त्याच्या रंगावर माझा जीव आहे. पण फांदी टाकली नाही. तिचे वीतभर लांबीचे तुकडे केले, खालची पानं काढली, डोळ्याच्या जरा खाली तिरका काप दिला आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचले. युऑनिमसचं छाटकलम तसं सहज लागतं, खोड फार कोवळं नको आणि फार जूनही नको, एवढं पाहिलं की झालं. सावलीत ठेवलं, वरून प्लास्टिकची पिशवी, रोज थोडा वेळ ती उघडून वारा. काही तुकडे काळे पडले. बाकीच्यांना हलकेच ओढून पाहिलं तर मातीने धरून ठेवलेलं जाणवलं. आता त्यांना नवी पानं आहेत, सगळी हिरवी, आणि उन्हाने त्यातलं एकही करपलेलं नाही.

माळीदादांना मी सोसायटीच्या आवारात जागा मागितली. "हे साधं?" म्हणून त्यांनी रोप उलटंपालटं करून पाहिलं, पण जागा दाखवली: पंपरूमच्या पूर्वेची पट्टी, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारी इमारतीची सावली पडते. आमचं एकमत होत नाही ते खड्ड्यावर. त्यांना दीड फूट पुरे वाटतो. मला दोन हवा आहे, तळाला खडी घालून, कारण त्या बाजूला जुलैत पाणी साचतं आणि या झुडपाला कुंडीबाहेरचा ठाण्याचा पाऊस अजून माहीत नाही. कुंपणासारखं छाटायचं नाही, हे मात्र त्यांनी कबूल केलंय. वाढेल तेवढं वाढू द्यायचं. जपानात ते माणसापेक्षा उंच होतं. इथे किती होतं ते बघायचंय मला.